बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर गावी एकत्र घरात परत जायचंय, पाहुणे-गोठा-गणपती सगळं कसं जमवायचं?

कऱ्हाडची_सून

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मिस्टरांना एएमएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार), वय ४३. केमो झाल्या, रेमिशन आलं (म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला), मग ट्रान्सप्लांट. डोनर माझे धाकटे दीर, हाफ मॅच. फुल मॅच सख्ख्या भावंडात बघितली पण प्रत्येक भावंडाचा चान्स चारात एक म्हणे, आमच्या नशिबात नव्हता. आता शंभर दिवस होऊन गेलेत. खारघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, हे, मी आणि माझी आई. बोन मॅरोत काही दिसत नाही, कायमेरिझम (रक्तात डोनरच्या पेशी किती ते) पूर्ण डोनरचं आलंय, मधे हातापायावर पुरळ आलं होतं (जीव्हीएचडी, डोनरच्या पेशींमुळं होणारा त्रास) त्याला स्टिरॉइड दिलं ते आता कमी कमी करतायत. डॉक्टर म्हणाले आता गावी जा, पंधरा दिवसांनी दाखवायला येत जा. आणि जाताना एक इंग्लिश कागद हातात दिला काय करायचं काय नाही त्याचा.

तो कागद फ्लॅटमधल्या तीन माणसांसाठी लिहिलाय हो. आमचं घर कराडजवळ गावात, जुनं दगडमातीचं, मागं गोठा आणि दोन म्हशी, घरात सासूबाई, दीर-जाऊबाई, त्यांचं दीड वर्षाचं बाळ, माझी मुलगी पाचवीत आहे ती शाळेत जाणार येणार. पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. त्यात गणपती तोंडावर आलेत, गौरी आमच्याकडेच बसतात, सगळी भावकी येते. आणि मिस्टर इतके महिने गावात नाहीत म्हटल्यावर बघायला येणाऱ्यांची रांग लागणार हे मला आत्ताच दिसतंय. आमच्याकडं पेशंटला बघायला आलं नाही तर तो राग वर्षानुवर्षं राहतो.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की दही नाही, वरून कच्ची कोथिंबीर नाही, ठेचा नाही, शिळं नाही, तर गप्पच झाल्या आणि मग म्हणाल्या माझ्या हातचं खाऊन माझं पोरगं आजारी पडणार का. काय बोलणार यावर. एक चुलत सासरे म्हणतायत हे सगळं मुंबईच्या डॉक्टरांचे नवीन नवीन प्रयोग. आणि खुद्द आमचे हे, त्यांचं एकच चाललंय, घरी गेलो की पहिलं म्हशींजवळ जाणार. मास्क लाव म्हटलं की चिडतात. पूर्वी असे नव्हते.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, गावी न्यावं का अजून थांबावं? पाहुण्यांना कोणी आणि कसं नाही म्हणायचं? बाळ आणि शाळेतल्या मुलीचं काय? आणि रात्री ताप आला तर खारघर पाच-सहा तास लांब, तेव्हा काय करायचं?

---

नाशिकची_आई

ताई, आधी अभिनंदन, शंभर दिवस पार होणं ही साधी गोष्ट नाहीये. माझ्या मुलाचं थॅलेसेमियासाठी झालं, डोनर त्याची मोठी बहीण, फुल मॅच. आता तो शाळेत जातो, मारामाऱ्या करतो, डबा परत आणतो.

तुमच्या सासूबाईंचं सांगते कारण माझ्या घरात सेम नाटक झालं. याद्या वाचून दाखवू नका. माझ्या सासूबाईंना यादीतली प्रत्येक गोष्ट म्हणजे आपल्या स्वयंपाकावरचा ठपका वाटायचा. मी शेवटी म्हटलं आई, बाळंतिणीची खोली असते ना तशी त्याची खोली करायची आहे, गरम ताजं जेवण, हात धुऊन आत, बाहेरून आलेला माणूस थेट आत नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याच पहारेकरी झाल्या. माझ्या आईलासुद्धा पाय धुवायला लावले त्यांनी. स्वयंपाक त्यांच्याकडंच द्या, पूर्ण, फक्त नियम एवढा की जे काय घालायचं ते शिजताना घालायचं. कोथिंबीर उकळत्या आमटीत टाकली की झालं. मसाला, तिखट, मेतकूट, चटणीपूड वरून भुरभुरवायची नाही, फोडणीत परतायची. ठेचा करायचाच तर मिरच्या-लसूण कुटून मग तव्यावर तेलात चांगला परतून त्याच जेवणाला संपवायचा, आमच्याकडं चालला तो, पण डॉक्टरांना विचारून. भाकरी तर तव्यावरून ताटात, त्याच्यासारखं सुरक्षित काही नाही. मोड आलेली मटकी कच्ची नाही, उसळ करून पूर्ण शिजलेली. दूध तुमच्या घरचं आहे पण चांगलं उकळी येऊ देऊन, धारोष्ण वगैरे लाड नकोत. पिण्याचं पाणी विहिरीचं असो नाहीतर नळाचं, उकळून गार केलेलं, आणि ते त्याच दिवसाचं.

बघायला येणारी लोकं हातात शहाळं आणि सफरचंदं घेऊन येतात. फळं आमच्याकडं जाड सालीची चालायची, केळं, संत्रं, नीट धुऊन आणि घरीच सोललेली. शहाळ्याचं आधी विचारा, आम्हाला पोटॅशियम वाढलंय म्हणून बंद केलं होतं.

आणि तुमच्या बाळाचं सगळ्यात महत्त्वाचं, पल्स पोलिओचे थेंब!! तोंडातून देतात त्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो आणि तो बाळाच्या शीमधून काही आठवडे बाहेर पडतो. पेशंट घरात असताना ते थेंब द्यायचे की पोलिओचं फक्त इंजेक्शन द्यायचं हे बाळाच्या डॉक्टरांना आणि तुमच्या ट्रान्सप्लांटवाल्यांना दोघांना आधी विचारून घ्या. आशाताई दारात येतात, आपण घाईत असतो, पटकन थेंब पाजून बोटाला शाई लावून निघून जातात, म्हणून जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवा. शी-शू जाऊबाईंनीच करायचं, पेशंटने नाही.

---

निसर्गमित्र

ताई ॲलोपॅथीने शरीराची प्रतिकारशक्ती पूर्ण मारून टाकली आहे. आता ती वाढवायला गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी आणि गव्हांकुराचा रस सुरू करा. सोबत थोडी अश्वगंधा. साइड इफेक्ट शून्य. माझ्या ओळखीत फरक पडला आहे. गावी शुद्ध हवा आहे, गोठ्याचा वास पण औषधीच असतो, घाबरू नका.

---

ओपीडीतली_सिस्टर

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. ट्रान्सप्लांट ओपीडीत बरीच वर्षं नर्स आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या टीमला विचारल्याशिवाय माझ्या शब्दावर काही करू नका. पण गुळवेल नको म्हणजे नकोच. निसर्गमित्र दादा, वाईट वाटून घेऊ नका, यांची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम दाबून ठेवतो. आत ज्या पेशी आहेत त्या दिरांच्या आहेत, त्यांना हे शरीर परकं वाटतं, त्या चवताळल्या की त्वचा, आतडी, लिव्हर यांच्यावर हल्ला करतात, जीव्हीएचडी म्हणतात ते हेच. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, स्टिरॉइड देऊन आम्ही त्यांना शांत ठेवतोय आणि तुम्ही मागच्या दारानं त्यांना चिथावायचं औषध देताय. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या पेशंट्सच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलंय. इथं कावीळ दिसली तर आम्हाला कळायला तरी हवं ना की ती जीव्हीएचडीची, गोळीची का काढ्याची. गव्हांकुर म्हणजे दमट मातीतलं कच्चं पातं, बुरशीची भीती, ते तर विचारूच नका.

ताई आता तुमचं.

जायचं का थांबायचं: टीमने जा म्हटलंय म्हणजे रिपोर्ट बघूनच म्हटलंय. पण ताप हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात आणि त्याचं उत्तर निघण्याआधी तयार पाहिजे. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, झालं की फोन, रात्रीचे दोन असोत की पहाट. आधी क्रोसिन देऊन तासभर बघू असं करायचं नाही, ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन पुढं जातं. आणि एक उलटं पण लक्षात ठेवा, स्टिरॉइड चालू असताना ताप कमीच दिसतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे थंडी वाजली, अंग गळालं, बोलणं असंबद्ध वाटलं, बीपी कमी आलं तर थर्मामीटर काय म्हणतोय याची वाट बघू नका. कराडला मोठी हॉस्पिटलं आहेत. गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच, सगळं ठीक असताना, फाईल घेऊन तिथल्या फिजिशियनना भेटून या. आमच्याकडून डॉक्टरांचं पत्र मागा ज्यात लिहिलेलं असेल की कोणतं ट्रान्सप्लांट, कुठली औषधं, ताप आल्यावर पहिलं कुठलं अँटिबायोटिक शिरेतून, आणि कोणाला फोन करायचा. पहिला डोस कराडला, मग गरज पडली तर गाडी. सहा तास प्रवास करून आल्यावर पहिला डोस हे होऊ देऊ नका.

रक्त: हे मोठ्या अक्षरात फाईलवर चिकटवा. यांना रक्त किंवा प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) लागल्या तर इर्रॅडिएटेडच, म्हणजे पिशवीला रेडिएशन दिलेलं. नाहीतर त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच शरीरावर उलटतात आणि ते फार भयंकर असतं. ती मशीन प्रत्येक ब्लड बँकेत नसते. गावात कोणी आजारी म्हटलं की पुतणे-भाचे रक्त द्यायला लायनीत उभे राहतात, भावना चांगली आहे, पण जवळच्या नातेवाइकांच्या ताज्या रक्तात हा धोका उलट जास्त. आणि दिरांचा ब्लड ग्रुप वेगळा असेल तर यांचा ग्रुप बदलत असतो, जुन्या आधार-लायसन्सच्या पाकिटातल्या कार्डावर जाऊ नका, टीमच्या चार्टप्रमाणेच.

गोठा: माझं स्पष्ट मत, आत्ता नाही. शेण हा एक भाग झाला, मला वैरणीची जास्त भीती वाटते. पावसाळ्यात दमट झालेला कडबा हलवला की बुरशीची धूळ उडते, ॲस्परजिलस, ती फुफ्फुसात बसली की महिनोन्महिने निघत नाही. म्हशी दुरून बघू द्या, अंगणात खुर्ची टाकून, वाऱ्याची दिशा बघून. धार काढणं, शेण काढणं, सारवण, गोवऱ्या, कुंड्यांची माती, झाडू मारणं, हे काही नाही. मागच्या ओल आलेल्या खोलीत झोपवायचं नाही, कोरडी, उन्हं येणारी खोली द्या. गणपतीच्या आधी रंग काढायचा असेल, भिंती खरवडायच्या असतील तर ते सगळं हे घरी यायच्या आधी उरकून घर पुसून घ्या. शहरातली लोकं कबुतरांनी आणि शेजारच्या रीडेव्हलपमेंटच्या धुळीनं हैराण असतात, तुमच्याकडं त्याच्याऐवजी कडबा.

आणि पपनस! गणपतीत बाजारात येतं, कोकणातून कोणीतरी आणून देतंच. पपनस आणि ग्रेपफ्रूट दोन्हींनी टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल वर जाऊ शकते, किडनीला त्रास होतो, हात थरथरतात. फोडच काय, रसही नको. लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, आधी घेऊन आलात तर रिपोर्ट खोटाच येतो. बुरशीचं औषध (पोसाकोनाझोल, व्होरिकोनाझोल) बंद किंवा सुरू केलं तरी ही लेव्हल हलते, म्हणून गावच्या डॉक्टरांनी सर्दीला म्हणून दिलेली कुठलीही गोळी आधी फोटो पाठवून विचारा.

दही-कोशिंबिरीचं प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं आणि लोकं एकमेकांचे कागद ताडून गोंधळतात. इटलीत २०२३ मध्ये एक ट्रायल छापली गेली, त्यात हॉस्पिटलमध्ये पांढऱ्या पेशी कमी असतानाही कडक पथ्यवाल्यांना आणि साधं स्वच्छ जेवण खाणाऱ्यांना इन्फेक्शन सारखंच झालं. म्हणजे पाणीपुरी खा असं नाही हो. धुणं, शिजवणं, हात, ताजेपणा हे महत्त्वाचं, बाकी तुमच्या टीमचं ऐका.

---

बी_पॉझिटिव्ह_झालेला

नाव बघून कळलं असेल. आधी ओ होतो, बहिणीच्या बोन मॅरोनंतर बी पॉझिटिव्ह झालो. पुण्यात असतो, ल्युकेमियाच होता, तीन वर्षं झाली.

वहिनी मी पेशंटच्या बाजूनं लिहितो कारण सगळे जण पेशंटला काय करू द्यायचं नाही तेच लिहितायत, बरोबरच आहे त्यांचं, पण दादा चिडतायत ते मास्कवर चिडत नाहीयेत. मला पण घरी आल्यावर पहिले दोन महिने असं वाटायचं की मी माणूस नाही सगळ्या घराची एक परीक्षा आहे. मी घास तोंडात घातला की चार जण बघायचे गिळतो का. खोकलो की टीव्हीचा आवाज बंद. बायको रात्री कपाळाला हात लावून बघायची मी जागा असायचो पण झोपेचं सोंग घ्यायचो, कारण डोळे उघडले तर तिला अपराधी वाटेल. आणि थकवा, त्याबद्दल कोणी धड सांगत नाही, हा झोपून जाणारा थकवा नसतो, आंघोळ करून टॉवेल गुंडाळून पलंगावर बसलो की शर्ट घालायला उठवत नाही असा. बाहेरून माणूस बरा दिसतो, स्टिरॉइडनं तोंड गोल गुबगुबीत झालेलं, येणारे म्हणतात वा काय तब्येत केलीय मुंबईला, आणि आपण आतून रिकामे.

तर दादांना काहीतरी काम द्या. खरं काम, उगाच मन रमवायचं नाही. दुधाचा हिशोब, डेअरीची बिलं, सोसायटीचं, उसाच्या तोडीचे फोन, मुलीचा अभ्यास. गोठ्याकडं जायचं नाही ना, मग खिडकीतून किंवा फोनवरून गडी-माणसांना सूचना देण्याचं खातं त्यांच्याकडं ठेवा, म्हशीला काय खायला द्यायचं हे तेच ठरवतील. माझ्या बॉसनं मला घरून दोन-दोन तासाचं काम दिलं त्यानं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या टॉनिकनं नाही पडला. आणि रोज चालणं, अंगणात आधी पाच मिनिटं, मग वाढवत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कारण ऊन त्वचेला लागलं की जीव्हीएचडी उसळू शकतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी, गांधी टोपी चालणार नाही कान उघडे राहतात 😄

गोळ्यांचं खातं पण त्यांच्याकडंच द्या, तुम्ही फक्त रात्री डबा बघायचा. मला दिवसाला मूठभर गोळ्या होत्या, त्या दुसऱ्याच्या हातून घेताना लहान मूल झाल्यासारखं वाटायचं.

आणि चुलत सासऱ्यांना सांगा की हा प्रयोग असेल तर फार जुना आहे. १९८३ च्या मार्चमध्ये टाटाला डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, नऊ वर्षांची मुलगी, एएमएलच होता, भावाची बोन मॅरो. त्याच वर्षी आपण कपिलच्या टीमने वर्ल्डकप जिंकलेला. म्हणजे त्यांच्या तरुणपणातलीच गोष्ट आहे.

---

कऱ्हाडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सिस्टर तुमचं उत्तर प्रिंट काढून ठेवलंय. बी पॉझिटिव्ह दादा, तुमचं मी यांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण रात्री स्वतःहून विचारलं की डेअरीचं पासबुक कुणाकडं आहे.

सासूबाईंना बाळंतिणीच्या खोलीचं सांगितलं नाशिकच्या ताई. हसल्या. मग म्हणाल्या त्याच्यासाठी माडीवरची खोली करते, तिथं ऊन येतं, आणि जिन्याखाली बादली आणि साबण ठेवते.

आता दोन गोष्टी राहिल्यात. एक गौरी-गणपती. दुसरी जरा नाजूक आहे. आमचे दीर, म्हणजे डोनर, माझ्या मिस्टरांना पुरळ उठलं तेव्हापासून फोनवर धड बोलत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या रात्र रात्र जागे असतात, म्हणतात माझ्याच पेशी दादाला खातायत. भावकीत कोणीतरी बोललंपण की हाफ मॅचचं घेतलं म्हणून त्रास, पूर्ण जुळणारं शोधायला हवं होतं. आता एका घरात राहायचंय, समोरासमोर आले की कसं होणार मला कळत नाही.

---

धाकटी_पुणे

नुसती वाचत होते पण आता लिहायलाच हवं. मी वर लिहिलेल्या बी पॉझिटिव्हची बहीण, म्हणजे डोनर 🙂 त्यानंच लिंक पाठवली.

ताई डोनरकडं कोणाचं लक्ष नसतं आणि ते बरोबरच आहे, आजारी तो नसतो. मला पाच दिवस इंजेक्शनं दिली, हाडं दुखली, मशीनवर काही तास बसले, दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला. शरीराचं एवढंच. पण मनात मी वर्षभर त्या वॉर्डातच होते. दादाला जुलाब लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले आतड्यातला जीव्हीएचडी, आणि एका मावशीनं अगदी सहज म्हटलं की हिचं रक्त लागलं नाही त्याला. मी बाथरूममध्ये जाऊन बसले. त्याला बरं वाटलं की सगळे म्हणायचे बहिणीनं वाचवलं, बिघडलं की बहिणीचं रक्त. दोन्ही खोटं आहे. मी त्यात काही केलं नाही, मी फक्त जुळले.

मला कशानं सुटका झाली सांगते. दादाच्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं की थोडासा जीव्हीएचडी झाला म्हणजे तुझ्या पेशी जाग्या आहेत, त्याच पेशी उरलेसुरले कॅन्सरचे पण शोधून मारतात, आम्हाला त्यांनी काम करायला हवंच असतं, फक्त मर्यादेत ठेवायचं असतं आणि ते काम आमचं, तुझं नाही. तुमच्या दिरांना पुढच्या फॉलोअपला गाडी चालवायला म्हणून घेऊन जा आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसवा. घरच्या माणसाचं समजावणं अशा वेळी आत शिरत नाही. आणि हाफ मॅचचं म्हणाल तर आता कितीतरी ठिकाणी करतात, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाईड देतात ना ती पद्धत आल्यापासून. रजिस्ट्रीत (बाहेरच्या डोनरांच्या यादीत) पूर्ण जुळणारा मिळेपर्यंत थांबायला एएमएलमध्ये वेळ असतोच असं नाही. भावकीतल्या त्या माणसाला विचारा की तुम्ही तुमचा गालाचा स्वॅब रजिस्ट्रीत दिलाय का.

---

नाशिकची_आई

धाकटी, मस्त लिहिलंस गं. माझी मुलगी डोनर होती तेव्हा दहा वर्षांची, तिला कोणी विचारलंच नव्हतं तिला काय वाटतं. तुझं वाचून तिच्याशी बोलावंसं वाटलं.

गौरी-गणपतीचं: ताई यंदा गौरी जाऊबाईंच्या माहेरी किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी बसवता येत असतील तर बघा. परंपरा मोडायचं जिवावर येत असेल तर मग गणपती खाली, पेशंट माडीवर. आरतीला गर्दी व्हायच्या आधी सकाळी घरातल्यांची पहिली आरती, तेव्हा मास्क लावून लांब खुर्चीत बसतील, नंतर वर. धूप-कापूर खोलीत भरू द्यायचा नाही. गुलाल नाही. निर्माल्य आणि फुलदाणीतलं पाणी यांच्या जवळपास नको. पंचामृत आणि बाहेरून आलेला प्रसाद नाही, घरचे तळणीचे मोदक कढईतून गरम गरम आणि तव्यावरची पुरणपोळी, खाऊ देत की पोटभर.

पाहुण्यांना नाही म्हणायचं काम सुनेनं करायचं नाही!! सून म्हणाली की तो तिचा आगाऊपणा होतो. सासूबाई नाहीतर दीर. आमच्याकडं सासऱ्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली होती, चहा ओट्यावर, गप्पा ओट्यावर, आणि मुलगा खिडकीतून हात करायचा. ज्याला सर्दी-खोकला त्याला ओट्यावरूनच परत. तीन महिन्यांत कोणी रुसलं नाही, उलट दुसऱ्यांना सांगायला लागले की तिथं आत जायचं नसतं.

---

ओपीडीतली_सिस्टर

ओट्याची आयडिया मी आमच्या पेशंट्सना सांगणार आता.

मुलीच्या शाळेचं राहिलं होतं. शाळा बंद करू नका, बारा वर्षांखालची पोरं घरात कोंडून वर्षभर चालत नाही. आली की हात-पाय-तोंड धुऊन कपडे बदलून मगच वर. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला असं कळलं तर त्याच दिवशी आम्हाला फोन, पुरळ दिसायची वाट बघायची नाही, कारण संपर्क आल्यावर द्यायचं औषध लवकर द्यावं लागतं. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी आणि मुलीनं फ्लूचं इंजेक्शन घ्या, नाकातला स्प्रेवाला प्रकार नको. दादांच्या स्वतःच्या लहानपणच्या लशी आता धरायच्या नाहीत, त्या जुन्या पेशींबरोबर गेल्या. साधारण सहा महिन्यांपासून, काही लशी त्याच्याही आधी, टीम सांगेल तसं परत सगळं सुरू होतं. गोवराची वगैरे जिवंत लस दोन वर्षं तरी नाही आणि तीसुद्धा दाबणारी औषधं बंद झालेली असतील तरच.

स्टिरॉइड चालू आहे तर घरी शुगरचं मशीन ठेवा, जेवणानंतरची जास्त चढते. कमी करायचा डोस आम्ही लिहून देतो त्याप्रमाणेच, बरं वाटतंय म्हणून मधेच बंद नाही. डोळे कोरडे खुपायला लागले, तोंडात जळजळ, तिखट अचानक सोसेनासं झालं, जिना चढताना पूर्वीपेक्षा दम, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा. क्रॉनिक, म्हणजे लांबणारा जीव्हीएचडी असा हळूच येतो आणि पेशंट सांगत नाहीत, त्यांना वाटतं किती कटकट करायची.

---

कऱ्हाडची_सून

दीर येत्या फॉलोअपला गाडी घेऊन येतायत. त्यांना केबिनमध्ये बसवायचं आहे हे सांगितलं नाही, फक्त परतीला सामान जास्त आहे म्हटलं.

गौरी यंदा थोरल्या चुलत सासऱ्यांकडं, तेच ते प्रयोगवाले, स्वतःहून म्हणाले. गणपती आपल्याकडंच, दीड दिवसाचा. सासूबाईंनी ओट्यावरच्या खुर्चीसाठी आत्याबाईंना नेमलंय, त्या कोणाला भीत नाहीत.

सिस्टर एकच शेवटचं, दाढी. प्लेटलेट आता साठ हजारांच्या आसपास असतात. गावात न्हावी घरी येतो, त्याच्याकडून करून घेऊ का? हे म्हणतायत गणपतीत असा चेहरा घेऊन बसणार नाही.

---

ओपीडीतली_सिस्टर

न्हावी नको, वस्तरा पण नको. इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या, फक्त त्यांचा स्वतःचा, बाकी कोणी वापरायचा नाही. आणि टूथब्रश एकदम मऊ वाला.